मेलेल्या ढोराची खबर

गावात ढोर मेलं की खबर पहिल्यांदा कुठं जायची? चावडीवर नाही. पाटलाच्या वाड्यावर नाही. ती यायची महारवाड्यात. मालकाचं पोरगं वाटेवर लांब उभं राहून ओरडायचं, ‘आरं येसकर कोण हाय? बैल पडलाय, ओढाया चला.’ हाक मारणारा दहा वर्षांचा, ज्याला मारली तो साठीचा, तरी हाकेत ‘आरं’ ठरलेलंच. मग दोघंतिघं दोर घेऊन निघायचे.

मित्रांनो, ह्या हाकेबद्दल आपण खूप बोललो आहोत. तिच्यातल्या अपमानाबद्दल बोललो, पोटाबद्दल बोललो, पडीच्या मांसाबद्दल बोललो. ते बोलायलाच हवं होतं. पण ह्या हाकेत आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडं आपलं लक्ष गेलं नाही. ती हाक म्हणजे रोगाची पहिली खबर होती. आज पशुवैद्यक खात्याचे लोक ज्याला रोगांवरची पाळत म्हणतात, तिची सुरुवात इथूनच होते. कुठल्या गावात, कुठलं जनावर, कुठल्या दिवशी, काय काय होऊन मेलं, आणि त्याच्या मागं आणखी किती पडली. एवढं वेळेवर वर कळलं तर भोवतालच्या गावांत लस टोचता येते, बाजार बंद ठेवता येतो, आजारी जनावर वेगळं बांधता येतं. उशिरा कळलं तर मढी मोजत बसायचं. सगळी मदार पहिल्या खबरीवर.

आणि ही पहिली खबर शेकडो वर्षं ज्याच्या दारात येत होती त्याचं नाव कुठल्याही दप्तरात खबर देणारा म्हणून नाही. दप्तरात तो आहे, पण दुसऱ्याच रकान्यात. तो रकाना कोणता, तेच इथं सांगायचं आहे.

माझा आजा येसकर होता. अक्षर ओळखत नव्हता. पण पडलेल्या जनावराजवळ गेला की आधी दोर टाकायचा नाही. भोवती एक फेरी मारायचा. नाकातनं, मागच्या बाजूनं काळपट रक्त आलंय का, ते थिजलंय की अजून पातळच आहे, पोट टम्म फुगलंय का, पाय जसे ताठायला पाहिजेत तसे ताठलेत का, हे बघायचा. रक्त काळं, पातळ, आणि अंग ताठलेलं नाही, असं दिसलं की म्हणायचा, ‘फाशी हाय. सुरी लावू नगा.’ पुढं मी पुस्तकात वाचलं तेव्हा कळलं, म्हातारा चुकत नव्हता. फाशी म्हणजे अँथ्रॅक्स, ज्याला काळपुळीही म्हणतात. मढं फाडलं, रक्ताला हवा लागली की त्याचे जंतू कवच धरतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षं, दशकानुदशकं जिवंत राहतात. म्हणून डॉक्टरही असं मढं चिरत नाहीत. कानाच्या शिरेतनं थेंबभर रक्त काचेवर घेतात आणि ती काच प्रयोगशाळेत पाठवतात. मढं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरतात, नाहीतर जाळतात.

आजा नेहमी जिंकायचा असं नाही. दुष्काळात, पोरं उपाशी असताना ‘सुरी लावू नगा’ कोण ऐकणार? मग कुणाच्या हातावर, कुणाच्या मानेवर काळी पुळी यायची. तिच्यातनं कोणी वाचायचा, कोणी जायचा. त्या मरणाची नोंद कशी व्हायची? ‘ताप.’

फाशीचं बाहेरून कळतं. बाकीचं आत असतं. फऱ्या झालेलं जनावर बहुतेक तरणंताठं, धडधाकट. मांडीला नाहीतर फऱ्याला सूज, ती दाबली की करकर वाजते. सोलल्यावर आतलं मांस काळं पडलेलं, मध्ये बुडबुडे. घटसर्प पहिल्या पावसाचा. गळा सुजतो, श्वास घरघरतो, संध्याकाळी आजारी दिसलेली म्हैस सकाळी गार. बुळकांडीत आधी ताप, डोळ्यांतनं पाणी, मग हिरड्यांवर आणि ओठांच्या आत कोंडा शिंपडावा तसे पांढुरके चट्टे, मग घाण वासाची हगवण. फाडल्यावर आतड्याच्या शेवटच्या भागात तांबड्या-काळ्या रेघा, पट्टेरी कापडासारख्या.

मालकाला ह्यातलं काय दिसायचं? जनावर उभं असेपर्यंतचं. पडल्यावर तो पाठ फिरवायचा, विटाळ व्हायचा त्याला. आतलं दिसायचं ते सोलणाऱ्याला. आणि एका घरचं नाही, सगळ्या गावचं, शेजारच्या वाडीचंही. म्हणजे ज्याला शवविच्छेदन म्हणतात ते करणारी गावातली एकुलती एक माणसं महारवाड्यात, मांगवाड्यात, चांभारवाड्यात होती. कोणी म्हणेल, हा पडीचं गुणगान करायला लागला. नाही. हे ज्ञान कोणी हौसेनं मिळवलेलं नव्हतं. ते हातांवर लादलेलं होतं. पण लादलेल्या कामातनंही माणूस शिकतो, आणि जे शिकला ते त्याचंच असतं.

परंपरेनं सांगितल्या जाणाऱ्या महारांच्या बावन्न हक्कांत मेलेल्या ढोराचं कातडं येतं. हाडकी-हाडोळा जमीन त्याच वतनाची. ह्याला ‘हक्क’ म्हणायची रीत आहे, आणि आपल्यातली काही जुनी माणसंही ते अभिमानानं सांगत. पण ह्याच हक्कानं पुढं आपल्या गळ्यात फास टाकला, तो इंग्रजांच्या राज्यात.

१८६५ साली इंग्लंडात बुळकांडी शिरली आणि तिथली गुरं धडाधड मेली. तिकडचं सरकार हादरलं. तेव्हा इकडच्या सरकारलाही जाग आली. १८६९ साली इंडियन कॅटल प्लेग कमिशन नेमलं गेलं. अध्यक्ष हॅलन नावाचा लष्करी पशुवैद्य, मुंबई इलाख्यात नोकरी केलेला. १८७१ मध्ये जाडजूड अहवाल आला. हिंदुस्थानात गावोगाव वेगवेगळ्या नावानं ओळखली जाणारी ही साथ म्हणजे युरोपातली रिंडरपेस्टच, हे त्या कमिशननं पक्कं केलं. काम मोठं होतं, ते नाकारायचं कारण नाही.

पण त्याच काळात सरकारी दप्तरांत दुसरा एक कागद जाड होत होता. १८५० च्या दशकापासून उत्तरेकडचे, विशेषतः आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातले इंग्रज अंमलदार लिहू लागले होते की गुरं मरतात ती रोगानं नाही, चांभार त्यांना सोमल घालून मारतात, कातड्यासाठी. व्यापारी त्यांना सोमल पुरवतात. हा संशय एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात, एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेला. साथीसारखाच गेला.

आता थोडं थांबून बघू. सोमल पोटात गेलं की जनावराला काय होतं? हगवण लागते, आतडी सुजतात, त्यात रक्त उतरतं, जनावर झटपट मरतं. बुळकांडीत काय होतं? हगवण, आतड्यांत रक्त, मरण. फरक आहे. बुळकांडीत ताप चढतो, तोंडात चट्टे पडतात, आणि रोग एकाकडून दुसऱ्याकडं जातो. विषाचं तसं नाही. पण हा फरक ओळखायला वेळेवर जाऊन जनावर पाहावं लागतं. साहेब पोचायचा दहा दिवसांनी, तेव्हा मढं गिधाडांनी संपवलेलं असायचं. मुंबईत सरकारी रासायनिक पृथक्करणकार होता. त्याच्याकडं बाटल्यांतून आतडी जायची. पण सगळ्या इलाख्यातल्या किती ढोरांची जाणार? उरलेल्यांचा निकाल कशावर लागायचा? मेलेल्या ढोराचा फायदा कोणाला, एवढ्यावर. फायदा कातड्याचा, कातडं महाराचं, चांभाराचं. झाला निकाल.

कोणी कधी विष घातलंच नाही, असं मी म्हणत नाही. १८६० नंतर कातड्याचा व्यापार वाढला, परदेशी माल जायला लागला, भाव चढले. उपाशी माणसाच्या हातात व्यापाऱ्यानं पुडी ठेवली असेल. गुंजेचं बी वाटून, त्याची सुई करून, वाळवून, लाकडी मुठीत बसवून जनावराला टोचायची, असं वर्णन न्यायवैद्यकाच्या जुन्या पुस्तकांत छापलेलं आहे. तसा गुन्हा कोणी केला असेल तर तो त्या माणसाचा गुन्हा. पण दप्तरात तो माणसाचा राहिला नाही, जातीचा झाला. १९२० साली ब्रिग्ज नावाच्या मिशनऱ्यानं चांभारांवर पुस्तक लिहिलं, त्यातही गुरांना विष घालणं हा विषय आहेच. सावकार कुणब्याला लुबाडतो म्हणून सावकाराची जात गुन्हेगार ठरली, असं मी कुठं वाचलं नाही.

आणि दुसरी बाजू बघा. कातड्याला भाव नव्हता तोवर मालकाला ते नको होतं. भाव आल्यावर त्याला आठवलं की बैल आपला होता. आता महाराचा ‘हक्क’ त्याच्या डोळ्यांत सलायला लागला. त्या हक्काला चोरी म्हणता येत नव्हतं, मग विष म्हणायचं.

कायदेही तसेच आले. १८६० च्या दंडविधानात ४२८ आणि ४२९ ही कलमं, जनावर मारणं, त्याला विष घालणं, लुळं करणं. मुंबई इलाख्यात विषविक्रीचा कायदा १८६६ चा. सगळ्या हिंदुस्थानचा विषांचा कायदा १९०४ चा, आणि त्यात सोमलाचा खास बंदोबस्त, जिथं माणसांना नाहीतर गुरांना विष घालायचे प्रकार होतात तिथं तो जवळ बाळगण्यावरही बंधनं. गुन्हा पकडायची ही सगळी तयारी. रोग पकडायची कुठं आहे?

रोगाचा कायदाही होता म्हणा. १८९९ साली सगळ्या हिंदुस्थानसाठी झाला, ग्लँडर्स आणि फार्सी ह्या रोगांचा. हे रोग कोणाचे? घोड्यांचे. १९१० साली दुसरा, डूरिनचा. तोही घोड्यांचा. घोड्यावर पलटण बसते. बैलावर कोण बसतं? कुणबी. त्या बैलासाठी सगळ्या देशाला लागू असा साथरोगांचा कायदा कधी आला ठाऊक आहे? २००९ साली. मधल्या काळात प्रांतांनी आपापलं काय केलं ते केलं, पण देशाच्या कायद्यात घोडा बैलाच्या एकशेदहा वर्षं पुढं होता.

शास्त्र मात्र पुढं जात होतं. ९ डिसेंबर १८८९ ला पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्समध्ये, इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली, प्रमुख लिंगार्ड. पुढं १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली. एकतर हवा थंड, दुसरं म्हणजे असले जंतू वस्तीपासून लांब बरे. १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख तिथं जाऊन आला, बुळकांडीवरचा आपला पित्ताचा प्रयोग घेऊन. १९२७ च्या सुमारास तिथंच एडवर्ड्सनं बुळकांडीचा विषाणू बकऱ्यांच्या अंगातून पुन्हा पुन्हा नेऊन मवाळ केला आणि स्वस्त लस शक्य झाली. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून होतं.

म्हणजे डोंगरावर सूक्ष्मदर्शक होतं, परळला डॉक्टर तयार होत होते. आणि खाली गावात? पाटील-कुळकर्ण्यानं लिहायचं, तालुक्याला कागद पाठवायचा. तो कागद चालत घेऊन जायचा कोण? महारच. सरकारी टपाल पोचवणं वतनाच्या कामात होतंच. आपल्या हातानं फाडलेल्या बैलाबद्दल दुसऱ्यानं लिहिलेला कागद, न वाचता येणारा, तो दहा कोस नेऊन द्यायचा. त्यात ‘बुळकांडी’ लिहिलंय की ‘महारांवर संशय’ लिहिलंय, त्याला कुठं कळणार?

समजा एखाद्या येसकरानं हिंमत केली. चावडीपुढं उभा राहून म्हणाला, ‘मायबाप, ह्यो एकटा न्हाई. पल्याडच्या वाडीत परवा दोन पडल्यात, तोंडात असंच व्हतं.’ पहिला प्रश्न काय येईल? ‘तुला काय ठावं? तू तिथं काय करत व्हतास?’ ह्या प्रश्नाला धास्तावून किती खबरी महारवाड्यातच विरल्या असतील, त्याचा हिशेब कोण देणार? खबर देणारा आणि संशयित एकच माणूस असला की खबर मरते. आजचे रोगशास्त्रवाले हेच वेगळ्या भाषेत सांगतात, कळवणाऱ्याला तोटा होत असेल तर कोणी कळवत नाही. त्यांना हे हल्ली उमगलंय. आमचा आजा ते जगला.

मरीआईचा गाडाही ह्यातच धरायला हवा. साथ आली, माणसांतली असो नाहीतर गुरांतली, की मरीआईचा गाडा सजवायचा आणि वाजतगाजत शिवेपलीकडं नेऊन सोडायचा. पुढं पोतराज, पुढं महार. पलीकडच्या गावानं तो आणखी पुढं ढकलायचा. अंधश्रद्धा तर खरीच. पण शिवेवर गाडा दिसला की पलीकडच्या गावाला एक गोष्ट कळायची, रोग इथवर आलाय. दुसरी कुठली खबरच नव्हती.

मग आलं १९२७. १९ आणि २० मार्चला महाडला परिषद भरली. चवदार तळ्याचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे, त्याच परिषदेतलं दुसरं मात्र कमी आठवतात. मेलेल्या ढोराचं मांस सोडा, असं बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितलं. आणि स्पृश्यांना उद्देशून झालेल्या ठरावांत हेही होतं की आपली मेलेली जनावरं त्यांनी आपण पुरावीत. केवढी साधी मागणी! तुझा बैल, तू पूर. पण गावगाड्याचा कणा त्यात मोडत होता. वर्षभरानं, १९ मार्च १९२८ ला, बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं. ही कनिष्ठ गावकामगार वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, बाबासाहेब गेल्यावर.

ज्या गावांनी ढोर ओढणं सोडलं तिथं काय झालं ते तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. दळण बंद, दुकान बंद, मजुरी बंद, पाणवठ्याची वाट बंद. १९३० साली स्टार्ट कमिटीनं अहवाल दिला, बाबासाहेब तिचे सभासद होते, त्यात ह्या बहिष्काराच्या हत्याराबद्दल स्पष्ट लिहिलेलं आहे. दुसरीकडं गोड बोलणारेही होते. ढोरं ओढणं सोडलं तर महारांचं वर्षाला इतकं नुकसान, कातड्याचे इतके, शिंगांचे इतके, हाडांचे इतके, असा हिशेब मांडून दाखवणारे. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ह्याची आठवण काढली होती. त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा, एवढा फायदा आहे ना, मग तुम्ही ओढा आणि तुम्हीच घ्या.

तो नकार बरोबर होता. त्यात मला तिळभर शंका नाही. पण आज ह्या इतिहासाकडं बघताना एक गोष्ट खटकते, ती आपल्यातल्या आपल्यात बोलायला हरकत नाही. आपण पड सोडली, दोर सोडला, आणि त्याबरोबर आजाचं ते भोवती फेरी मारून बघणंही लाजेच्या खड्ड्यात पुरलं. ‘आमच्या आज्याला गुरांचे रोग कळत व्हते’ असं सांगायला आपली जीभ अडखळते, कारण पुढचा प्रश्न येईल, ‘कसं काय कळत व्हते?’ बामणाच्या पोरानं पशुवैद्यकाची पदवी घेतली, मेजावर मढं फाडलं, की त्याला पॅथॉलॉजी म्हणतात. आपल्या म्हाताऱ्यानं ओढ्यात फाडलं की विटाळ.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. गावोगाव लस टोचली गेली. पुढची चाळीस वर्षं रोग हटत गेला, पण उरलेला शेवटचा तुकडा निघेना. लस तर होती, मग काय कमी पडत होतं? रोग नेमका कुठं लपलाय, हे कळत नव्हतं. म्हणून नव्वदच्या दशकात जोर बदलला, गावन् गाव जाऊन विचारायचं, अशा लक्षणाचं जनावर दिसलं का, कधी, कुठं. शेवटचा उद्रेक १९९५ साली तामिळनाडूत झाला. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त म्हणून मान्य झाला, २०११ मध्ये सगळं जग. देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसरा रोग. ह्या कामात शेवटची धाव आफ्रिकेत झाली, आणि तिथली एक गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. इथिओपियातल्या अफार लोकांत, जिथं सरकारी डॉक्टर पोचत नव्हते, तिथं गुराख्यांनाच शिकवून लस टोचायला लावली. त्यांच्या भाषेत रोगाला काय म्हणतात, गेल्या वेळी कधी आला होता, हे आधी त्यांना विचारलं. गुराख्याचं सांगणं पुरावा म्हणून धरलं. तिथं गुराख्याला विचारलं. इथं सोलणाऱ्याला विचारायच्या जागी काय झालं, ते बघा.

१५ ऑक्टोबर २००२. हरियाणात झज्जरजवळ दुलिना पोलीस चौकीपाशी जमावानं पाच दलितांना ठार केलं. आरोप, गाय मारून सोलली. गाय आधीच मेलेली होती. तिचं शवविच्छेदन करायला मात्र माणसं तत्पर होती.

११ जुलै २०१६. गुजरातेत उना तालुक्यात मोटा समढियाळा गावाजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या दलितांना गोरक्षकांनी मारलं, उन्यात आणून गाडीला बांधून मारलं, आणि चित्रफीत काढून दाखवली. ती गाय सिंहानं मारलेली होती असं गुजरात सीआयडीच्या तपासात निघालं. ढोर कशानं मेलं, हा प्रश्न विचारायच्या आधी काठी पडली. त्यानंतर सुरेंद्रनगरात लोकांनी मेलेली जनावरं गाड्यांत घालून कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. महाडचा ठरावच तो, नव्वद वर्षांनी.

१८५० चा संशय आणि २०१६ चा संशय, मध्ये फक्त सोमल गळून पडलं.

आता २००९ च्या कायद्याकडं येऊ. कार्यकर्त्यांनी तो नीट वाचावा. कलम ४ असं सांगतं की यादीतला रोग जनावराला झालाय असं वाटलं, तर ते ज्याच्या ताब्यात आहे त्यानं, मालक असो, दुसरा कोणी असो, संस्था असो, ग्रामपंचायत असो, गावच्या अधिकाऱ्याला नाहीतर पंचायतीला कळवलंच पाहिजे. मेलेल्या जनावराची विल्हेवाट ठरलेल्या पद्धतीनंच लागली पाहिजे. चांगलं आहे. पण विल्हेवाट लावणारे हात कुणाचे, त्या हातांत मोजे कोण घालणार, ह्याचं उत्तर गावात कोण देतं? हातानं मैला साफ करण्याविरुद्धचा २०१३ चा कायदा मढी ओढणाऱ्याला लागू होत नाही. तो कुठल्याच कायद्याच्या दारात उभा नाही. ग्रामसभेत विचारा, गावच्या मढ्यांसाठी पंचायतीनं जागा कुठं ठेवलीय? खड्डा कोण खणतं, चुना कोण आणतं, कोणाच्या पैशानं?

आणि घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारा, फऱ्या कसा ओळखायचा, फाशी कशी ओळखायची. लिहून घ्या. ते गेले की ते ज्ञान कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही.

२०१९ साली ओडिशात लंपी त्वचारोग भारतात पहिल्यांदा दिसला, २०२२ मध्ये तो राजस्थान, गुजरात, महाराष्ट्रात पसरला. देशात त्या वर्षी दीड लाखावर गुरं मेली, हा सरकारी आकडा. भूजजवळच्या माळावर टाकलेल्या मढ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. महाराष्ट्रात सरकारनं मेलेल्या जनावरामागं भरपाई जाहीर केली, गाईला तीस हजार, बैलाला पंचवीस हजार, वासराला सोळा हजार. भरपाईला पंचनामा लागतो, म्हणून खबर भराभर आली. कळवणाऱ्याचा फायदा असला की कशी पटापट येते बघा.

आमच्या तालुक्यातल्या एका गावचा असा एक पंचनामा मी पाहिला. बैलाच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर त्यात न चुकता लिहिलेला होता. मालकाचं नाव, पंचांची नावं, खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली, जेसीबीचा उल्लेख. आणि पुढं, ‘दोन इसमांच्या मदतीने मृत जनावर खड्ड्यापर्यंत ओढून नेले.’ त्यातला एक मांगवाड्यातला, एक आमच्या वस्तीतला, नात्यानं माझा पुतण्या. हातात मोजे नव्हते. लंपी माणसाला होत नाही हे त्याचं नशीब. पुढचं मढं फाशीचं असलं तर?

मी त्याला विचारलं, हाच पहिला का रं? तो म्हणाला, ‘न्हाई काका. आठ दिस आधी वढ्यापल्याडच्या वस्तीवरची दोन वासरं वढली व्हती आमी. अंगावर अशाच गाठी. बिल्ला न्हवता त्यांच्या कानाला.’

मग सांगितलं का न्हाईस कुणाला?

‘इचारलं कुणी?’

कागदावर त्या गावातला पहिला रोगी तो बारा आकडी नंबरचा बैलच आहे.